साडेपाचचं निवेदन

माझं काम ऐकण्याचं होतं. त्यासाठी मला सरकारी पगार मिळतो असं सांगितलं की लोक हसायचे, आणि हसणाऱ्यांचा मला फार राग यायचा. दिवसभर ऐकून बघा म्हणजे कळेल. सकाळी पाच पंचावन्नला राष्ट्रीय रेडिओ केंद्राची धून वाजायची, तेव्हापासून पाळी संपेपर्यंत हेडफोन कानाला आणि वही पुढ्यात. रेडिओवरून जे जे जाईल ते ऐकायचं आणि वेळेसकट लिहून ठेवायचं. कोण अडखळलं, कोण दोन सेकंद उशिरा आलं, कोणती तबकडी खरखरली. असं काम करणाऱ्या बाईला कोणी जीव लावत नाही. केंद्रात मला कुणी चहाला बोलवायचं नाही, कारण मी कपबशीच्या आवाजाचीसुद्धा नोंद करते अशी माझी ख्याती होती. ती खोटी नव्हती. बातम्या चालू असताना कप आपटला तर नोंद होणारच.

माझी मोठी बहीण तिथेच निवेदिका होती. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ताई एकोणीस. तिनं मला वाढवलं, शिकवलं आणि शेवटी आपल्याच केंद्रात चिकटवलं. आम्ही दोघी एकत्र राहायचो. तिचा आवाज देशातल्या घराघरांत जायचा, माझा आमच्या स्वयंपाकघराच्या बाहेर जायचा नाही. मीही माइकवर बोलावं असं तिच्या फार मनात होतं. दोनदा तिनं माझ्या आवाजाची चाचणी ठरवली आणि दोन्ही वेळा लाल दिवा लागताच माझी दातखीळ बसली. तिसऱ्यांदा मी सांगून टाकलं, पुन्हा विषय काढलास तर घर सोडून जाईन. मग तिनं विषय काढला नाही, पण मनातून सोडलाही नाही.

तर आठ दिवस झाले होते, ताई स्टुडिओत जाताना जिन्यात थांबायला लागली होती. स्टुडिओ तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर ती एक हात कठड्यावर आणि एक छातीवर ठेवून उभी राहायची. विचारलं की म्हणायची, "अगं, पित्त झालंय." जगातले सगळे आजार पित्तातून निघतात आणि चिमूटभर सोड्यानं जातात असं तिचं मत होतं. डॉक्टरचं नाव काढलं की चिडायची, आणि मीही कामाच्या रगाड्यात रोज उद्यावर ढकलत होते. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या मंगळवारी सकाळी सहाच्या बातम्यांना मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. बातम्या वाचणाऱ्या गृहस्थांना आम्ही घड्याळराव म्हणायचो, कारण त्यांच्या येण्याजाण्यावर लोक आपली घड्याळं लावत. ते "नमस्कार" म्हणाले. पण त्याच्या दीड सेकंद आधी तेच "नमस्कार", अगदी बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारखं, माझ्या कानात येऊन गेलं होतं. मग पुढचं वाक्य, तेही आधी बारीक आणि मग मोठ्यानं.

हा प्रकार मला नवा नव्हता. ध्वनिफीत चाकावर घट्ट गुंडाळून वर्षभर कपाटात पडली की एका वेढ्यावरचा आवाज खालच्या वेढ्यावर उतरतो. ओल्या रंगीत कपड्याखाली पांढरा कपडा ठेवला की डाग उतरतो ना, तसंच. मग टेप वाजवताना माणूस बोलायच्या जरा आधी त्याच्याच आवाजाचा डाग ऐकू येतो. आम्ही त्याला पाझर म्हणायचो. जुन्या टेपला पाझर असला की मी वहीत तसं लिहायचे आणि टेप बदलायला लावायचे.

मी उठून शेजारच्या कंट्रोल रूममध्ये गेले. तिथे मास्तर असायचे. मास्तर म्हणजे आमचे इंजिनिअर. निवृत्तीला सहा महिने राहिले होते आणि जगातली कोणतीही बिघाडाची बातमी ते जांभई देत ऐकायचे.

"मास्तर, आज बातम्या टेपवर का लावल्यात?" मी विचारलं.

त्यांनी काचेकडे बोट केलं. काचेपलीकडे घड्याळराव हातात कागद धरून, चष्मा नाकावर ओढून, साक्षात बसून वाचत होते.

"पाझर येतोय," मी म्हटलं.

"जिवंत माणसाला पाझर?" मास्तर म्हणाले. "रात्री झोपत जा जरा."

मी परत येऊन बसले. बातम्यांनंतर व्यायामाचा कार्यक्रम झाला, मग मच्छीमारांसाठी समुद्राचं हवामान, मग शाळांसाठी भूगोलाचा पाठ. प्रत्येकाला पाझर होता, आणि तो लांबत चालला होता. दीड सेकंदाचे दहा झाले, दहाचे चाळीस. भूगोलाचे सर नदीच्या उगमाबद्दल बोलत असताना त्यांच्या आवाजाखाली मला तेच सर नदीच्या मुखाशी पोचलेले ऐकू येत होते. डोकं गरगरायला लागलं. आपल्याला वेड लागतंय का याची मला भीती वाटली. मग भीतीवर राग आला, कारण माझे कान हीच माझी भाकरी होती आणि त्यांच्यावर कुणी शंका घेतलेली मला खपायची नाही, अगदी मी स्वतः घेतली तरी.

आठच्या बातम्या सुरू झाल्यावर मी एका चिठोऱ्यावर लिहिलं, "तिसरी बातमी संपली की घड्याळराव शिंकणार, मग क्षमा मागणार, मग चुकून तीच बातमी पुन्हा वाचणार." चिठोरं मास्तरांपुढे ठेवलं आणि कंट्रोल रूममध्ये उभी राहिले. घड्याळराव बावीस वर्षांत माइकवर कधी शिंकले नव्हते. तिसरी बातमी संपली. ते शिंकले, क्षमस्व म्हणाले आणि तिसरी बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. मास्तरांनी चिठोरं उचललं, दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. जांभई दिली नाही.

"तुला अजून येतोय का तो पाझर?" त्यांनी विचारलं.

"येतोय. आता तर मिनिटांचा झालाय."

"मला काहीच येत नाही," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता त्यांचा.

अकरा वाजता गृहिणींचा कार्यक्रम असायचा. पाझर तोवर अर्ध्या तासाचा झाला होता. साडेदहालाच मला ऐकू आलं की कार्यक्रमातली बासरीची तबकडी अडकणार आहे, एकच स्वर सात वेळा वाजणार आहे. मी मास्तरांना सांगितलं. या वेळी त्यांनी वाद घातला नाही. ठरलेली तबकडी बाजूला काढली आणि कपाटातून कोरी करकरीत, कागदाची घडीही न मोडलेली दुसरी आणली. सुईसुद्धा नवी बसवली. आम्ही दोघं तबकडीवर वाकून उभे राहिलो. ती चांगली फिरत होती, सुई चांगली पुढे सरकत होती. मी डोळ्यांनी पाहत होते. आणि दोघांच्याही हेडफोनमध्ये तो स्वर अडकला. एकदा, दोनदा, सात वेळा. सुई तोवर बोटभर पुढे गेली होती.

मास्तर मागे सरले आणि स्टुलावर बसले. "आपण इकडे काय करतो याला काही अर्थ नाही म्हणायचा," ते म्हणाले. "तिकडे जायचं ते जातंच."

मी वहीत लिहिलं: अकरा वाजून चार मिनिटं, तबकडी अडकली. काय लिहिणार दुसरं?

एक वाजता वाद्यवृंद लागला. पाच मिनिटं झाली असतील. व्हायोलिनांच्या खालून मला ताईचा आवाज आला. "मुलांनो, आलात का सगळे? सरकून बसा बघू जवळ." म्हणजे पाझर आता दोन तासांचा झाला होता, कारण ताईचा मुलांच्या गोष्टींचा कार्यक्रम तीनला असायचा. तिची पाळी दोनला सुरू होई. अजून ती घरीच होती, आणि माझ्या कानात गोष्ट सांगायला लागली होती. दीपगृहातल्या दिवा लावणाऱ्याला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट. मी घड्याळ पुढ्यात ठेवलं आणि ऐकत राहिले. मुलगी जिना चढली, धापा टाकत वर पोचली.

"मुलीनं दार ढकललं, आणि आत," ताई म्हणाली, आणि थांबली.

मी वाट पाहिली. एक मोठा श्वास आला, अर्धवट. मग खुर्ची पडल्याचा आवाज, आणि कागद जमिनीवर घसरत गेल्याचा. त्यानंतर नुसती खोली ऐकू येत होती. रिकाम्या खोलीला स्वतःचा आवाज असतो, आमच्या धंद्यात तो ओळखता येतो. ताई त्या खोलीत होती आणि श्वास घेत नव्हती. घड्याळात एक वाजून पंधरा मिनिटं झाली होती. गोष्ट सुरू झाल्यापासून दहा मिनिटं. म्हणजे तीन वाजून दहा.

मी हेडफोन काढून फेकले. मग धावत मास्तरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ताईला ते पोरीसारखं मानायचे. ऐकून पांढरेफटक पडले.

"तिला आज येऊच देऊ नकोस," ते म्हणाले.

"बासरीची तबकडी आपण येऊ दिली नव्हती. तरी वाजलीच ना?" मी म्हटलं. "मास्तर, तुम्हीच म्हणालात, जायचं ते जातंच. मग जाऊ दे. रेडिओवरून खुर्ची पडल्याचा आवाज जायचा तर जाऊ दे. फक्त त्या वेळी ताई त्या खुर्चीत नको."

मास्तरांनी हळूहळू मान हलवली. "दोनला टेप करून घेऊ," ते म्हणाले. "आणि तिला दवाखान्यात धाडू."

ताई टेपवर गोष्ट सांगायला कधी तयार व्हायची नाही. मुलं ताजी असतात, त्यांना शिळी गोष्ट कशी वाढायची, असं तिचं म्हणणं. दोनला ती आली, दुसऱ्या मजल्यावर थांबून, घामाघूम होऊन. मी तिच्यापुढे आडवी उभी राहिले.

"तीनला स्टुडिओचं काम निघालंय. आत्ता टेप करायचं," मी म्हटलं. "आणि मग ऑफिसच्या गाडीनं दवाखान्यात जायचं. ड्रायव्हरला सांगितलंय. छाती दाखवायची."

"पित्त आहे गं नुसतं."

"पित्त असेल तर डॉक्टर सांगतील पित्त आहे. तू जाणार नसशील तर मी आत्ता साहेबांना जाऊन सांगते की तुला चक्कर येते. मग बस घरी."

"किती गं भांडतेस," ताई म्हणाली. "लग्न झालं असतं तर नवऱ्याची काही खैर नव्हती." पण ऐकलं तिनं.

टेप झाली. मी स्क्रिप्टवर बोट ठेवून शब्द न् शब्द तपासला. "मुलीनं दार ढकललं, आणि आत एक म्हातारी खिडकीपाशी बसून वात वळत होती." पुढे सगळी गोष्ट, शेवटपर्यंत, एकही अडखळ नाही. वीस मिनिटं पुरी. मास्तरांनी टेप उलटी फिरवून ती जागा पुन्हा वाजवून पाहिली. म्हातारी खिडकीपाशी बसलेलीच होती. ताई पर्स उचलून निघाली, जाताना माझ्या गालाला चिमटा काढला. आम्ही खिडकीतून गाडी फाटकाबाहेर जाताना पाहिली. तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

तीनला टेप लावली. स्टुडिओला मी स्वतः कुलूप लावलं होतं, किल्ली माझ्या मुठीत होती. "मुलांनो, आलात का सगळे?" मास्तर फिरत्या चाकांवरून नजर काढत नव्हते. तीन वाजून दहा मिनिटांनी ताई म्हणाली, "मुलीनं दार ढकललं, आणि आत," आणि थांबली.

चाकं फिरत होती. श्वास आला, खुर्ची पडली, कागद घसरले.

"हे नव्हतं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तू ऐकलंस ना, हे नव्हतं यात."

आमचा नियम असा, की दहा सेकंद शांतता झाली की राखीव संगीत लावायचं. मी उठले नाही. त्या शांततेखाली पाझर येत होता आणि मला तो ऐकायचा होता. संध्याकाळी साडेपाचची उद्घोषणा ताईचीच असायची. तिथे तिचा आवाज ऐकू आला तर ती वाचली. मी डोळे मिटून, दोन्ही हातांनी हेडफोन दाबून ऐकत राहिले. साडेपाचची धून वाजली. मग आवाज आला. तो ताईचा नव्हता, पण ओळखीचा होता. ओळखायला मला वेळ लागला, कारण आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही. तो माझा होता.

"श्रोतेहो," मी म्हणत होते, अगदी सावकाश, शांतपणे, "आपल्याला कळवण्यास अत्यंत दुःख होतं," आणि पुढे ताईचं पूर्ण नाव घेऊन, गेली चोवीस वर्षं आपण ज्यांचा आवाज ऐकत आलात वगैरे सांगून, आज सायंकाळी त्यांचं निधन झालं असं मी देशाला सांगत होते.

मास्तरांनी राखीव संगीत लावलं. फोन वाजला तेव्हा तो उचलायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनीच उचलला. दवाखान्यातली नर्स होती. ताई डॉक्टरांच्या दारापाशी खुर्चीवर वाट पाहत बसली होती, तीन वाजून दहा मिनिटांनी खुर्चीसकट खाली आली. हृदयविकाराचा झटका होता. पण डॉक्टर चार पावलांवर होते. दहा मिनिटांत शुद्धीवर आली. "वेळेवर आणलंत म्हणून," नर्स म्हणाली. "घरी असत्या तर काही खरं नव्हतं."

मी खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. मास्तरांनी मला पाणी दिलं आणि आपणही रडले. जिवात जीव आला म्हणतात तो असा. आम्ही बरोबर होतो. आवाज रेडिओला मिळाला आणि ताई आम्हाला मिळाली.

साडेपाचचं मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तसंच करायचं. जायचं ते जाऊ दे. ताई दवाखान्यात आहे, डॉक्टर उशाशी आहेत. उद्या साहेब आपल्या दोघांना घरी बसवतील, देशाची माफी मागावी लागेल. मागू."

"पण मी नाही बोलणार," मी म्हटलं. "माझ्या तोंडून ते जाणार नाही."

साहेबांनी तेवढ्यात मला बोलावलंच. दुसरी निवेदिका सहाशिवाय येत नव्हती, साडेपाचला संध्याकाळच्या कार्यक्रमांची यादी कुणीतरी वाचायला हवी होती. "दोन मिनिटांचं तर काम. तुम्ही ताईंच्या बहीण, जमेल तुम्हाला," ते म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. त्यांना आश्चर्य वाटलं असावं. मी असा हिशेब केला होता की तो आवाज माझा आहे, तर त्याच्यावर पहाराही मीच ठेवावा. घसा माझा, ओठ माझे. मी माइकपुढे बसेन आणि ब्र काढणार नाही.

चार वाजता दवाखान्यात फोन लावला. नर्सच्या टेबलाजवळच ताईची खाट होती, तिनं वायर ओढून फोन ताईच्या कानाला लावला. ताईचा आवाज अशक्त होता पण खट्याळपणा जागच्या जागी होता.

"जिंकलीस बाई," ती म्हणाली. "पित्त नव्हतं."

"बोलू नकोस. पडून राहा. साडेपाचची काळजी करू नकोस, मीच बसतेय माइकवर."

ती हसली. "म्हणजे मी आडवी झाले तेव्हा कुठे तू तोंड उघडणार. आधी माहीत असतं तर दहा वर्षांपूर्वीच पडले असते."

"पुरे," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. मला खूप बरं वाटत होतं. ते कसलं बरं वाटणं होतं हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

साडेपाचला दोन मिनिटं कमी असताना मी स्टुडिओत गेले. खुर्ची, टेबल, माइक, आणि काचेपलीकडे मास्तर. कार्यक्रमांची यादी मी उलटी करून ठेवली. धून संपली, लाल दिवा लागला. मी ओठ मिटले, दात आवळले आणि वर उजव्या हाताचा तळवा दाबून धरला. हेडफोनमध्ये श्वास घेतल्याचा आवाज आला. मी श्वास रोखलेला होता.

"श्रोतेहो," माझा आवाज म्हणाला.

आता तो बारीक नव्हता. भरघोस होता, खोलीभर होता. माझ्या तळव्याखाली काहीही हलत नव्हतं. काचेपलीकडे मीटरचा काटा प्रत्येक शब्दाला उठत होता. मास्तरांनी आवाजाचा दांडा खाली ओढला, पार तळापर्यंत. काटा तसाच हलत राहिला. ते माझ्या तोंडावरच्या हाताकडे पाहत होते. मला लाज वाटते सांगायला, पण त्या आवाजात मला चूक सापडली नाही. एकही शब्द घाईत नव्हता. ताईनं मला आयुष्यभर जसं बोलायला सांगितलं होतं, तसंच मी बोलत होते.

जाऊ दे, मी मनात म्हणत होते. तीन दहाला गेलं तसंच हेही जाऊ दे. ताईचं नाव झालं, चोवीस वर्षं झाली. मी लोकांचा विचार करायला लागले. किती घरी माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली असतील, किती बाया डोळ्यांना पदर लावत असतील, उद्या त्यांना काय सांगायचं. स्वयंपाकघरातले रेडिओ, दुकानांतले, शिंप्याच्या मशीनवरचे. तिथून माझं मन आणखी एका रेडिओकडे गेलं आणि मी खुर्चीतून उठले. आम्ही दोघं दिवसभर माइकच्या या बाजूचाच विचार करत होतो. आयुष्यभर तेच केलं होतं. ताईला आम्ही माइकपुढून उठवलं आणि आम्हाला हायसं वाटलं. माइकपुढून उठलेलं माणूस कुठे जाऊन बसतं, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

मी दार उघडून धावले. ड्यूटी रूममधला फोन वाजतच होता. मी उचलला आणि ओरडले, "रेडिओ बंद करा! आधी रेडिओ बंद करा!"

पलीकडे नर्स होती.

"तुम्ही धाकट्या ना?" तिनं विचारलं. "चांगल्या होत्या हो त्या. चहा मागत होत्या. साडेपाच व्हायला आले तसं मला म्हणाल्या, तुमचा रेडिओ लावा, माझी धाकटी पहिल्यांदा बोलणार आहे. तुमचा आवाज आला तशा उशीवरून उठून बसल्या. आमचा रेडिओ लहान आहे, बारीक येत होता. तर म्हणाल्या, जरा मोठा करा."

तिचा आवाज फुटला.

"मी मोठा केला," ती म्हणाली.